मागून घेतलेली

"तुमचा मुलगा का?" असं शेजारच्या बाईनं विचारलं आणि योगिनी "हो" म्हणाली. सिटी बस मोंढा नाक्याच्या सिग्नलला थांबली होती. खिडकीशी हनुमान बसला होता, योगिनीच्या खांद्यावर डोकं टाकून. सकाळी त्याची दाढ काढली होती. गालाभोवती मफलर, डोक्यावर कानटोपी, आणि मधे फक्त डोळे. अंगानं तो मुळातच एवढासा. योगिनी त्याला सारखी सांगत होती, दादा, हात आत घे. दादा, मफलर ओढू नको. बाईनं ते दादा ऐकलं असणार. "आमचा नातूही दादाच," ती म्हणाली, "नावानं हाक मारली तर ओ देत नाही. कितवीला आहे हा?" "शाळेत जात नाही," योगिनी म्हणाली. मग बाईनं त्याच्या मनगटाकडं पाहिलं, आत वळलेल्या बोटांकडं पाहिलं, आणि जे समजायचं ते समजली. पिशवीतून एक पेरू काढून तिनं त्याच्या मांडीवर ठेवला. "घे बाळा. आईला त्रास नको देऊ." आकाशवाणीच्या स्टॉपला ती उतरून गेली. हनुमान पेरूचा वास घेत राहिला. तो योगिनीपेक्षा सहा वर्षांनी मोठा होता आणि त्याच्या कानशिलावरचे केस पांढरे व्हायला लागले होते.

असं कुणी विचारलं की ती नेहमी सांगायची, भाऊ आहे माझा, मोठा. सांगताना तिच्या आवाजात थोडा ताठपणा यायचा, तो तिलाही माहीत होता. आज तो आला नाही. हो म्हणताना काही अडलं नाही, आणि म्हणून झाल्यावर जीभ चावावी असंही वाटलं नाही.  बस सेव्हन हिलच्या पुलावर चढली, उतरली. तिनं मफलर खाली करून हनुमानच्या ओठाच्या कडेची लाळ पुसली. लाळेत अजून रक्ताचा तांबूस धागा होता. आपण खोटं बोललो, असं तिनं मनात एकदा म्हणून पाहिलं. ते पटेना. खरं बोललो असं म्हणून पाहिलं, तेही पटेना. ती एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये रक्त घ्यायचं काम करायची. तान्ह्या पोरांच्या शिरा तिला पहिल्या टोचणीत सापडायच्या, म्हणून अशी पोरं आली की डॉक्टर तिलाच हाक मारायचे. त्या पोरांच्या आया तोंड फिरवून रडायच्या. योगिनीला त्यांचा रागही यायचा नाही आणि कीवही यायची नाही. आज पहिल्यांदाच तिला वाटलं, त्या बायका आपल्याकडं बघून काय समजत असतील. हिला पोर नाही म्हणून हात कापत नाही, असं समजत असतील का?

मुकुंदवाडीला उतरल्यावर गल्लीच्या तोंडापर्यंत हनुमानला धरून चालवत आणायला बराच वेळ लागला. आई दारातच बसली होती. बानाबाई. गुडघे गेल्यापासून तिचा दिवस उंबऱ्यावरच जायचा. "लई रडला का गं?" तिनं विचारलं. "नाय रडला." "डाक्टरनी मारलं बिरलं नाय ना?" "आई, डॉक्टर कशाला मारतील?" "तसं नाय, त्यो चावतो नं," बानाबाई म्हणाली, आणि हनुमानला जवळ ओढून त्याच्या टोपीवरून हात फिरवायला लागली. त्याच्या हातातला पेरू पाहून म्हणाली, "ह्यो कुनी दिला?" योगिनी म्हणाली, "बसमधल्या एका बाईनं." बाकीचं ती बोलली नाही.

चितेगावच्या अलीकडं, पैठण रस्त्याला लागून त्यांचा मेंढरांचा वाडगा होता तेव्हा कारखाने एवढे नव्हते. मेंढरं रस्ता ओलांडून पार तळ्यापर्यंत जायची. हनुमान जन्मला तेव्हा रडला नव्हता. बाहेर यायला फार वेळ लागला आणि आला तो निळा पडून आला. बानाबाई त्याला पाठीशी बांधून मेंढरांमागं जायची, आणि तो पाठीवर मावेनासा झाला तेव्हा लिंबाच्या सावलीत घोंगडीवर निजवून, कमरेला लुगड्याचा पदर बांधून, दुसरं टोक खोडाला बांधायची. योगिनीला आठवतं तेव्हापासून त्या घोंगडीवर तीही आहे. मुंग्या झटकायच्या, तोंडावरच्या माश्या हाकलायच्या, डोळे फिरवायला लागला की कुशीवर करायचं आणि आईला हाक मारायची. उन्हात तापलेल्या लोकरीचा वास, लेंड्यांचा वास, हनुमानच्या भिजलेल्या चड्डीचा वास, हे सगळं एकत्र होऊन तिच्या लहानपणाचा एकच वास झाला होता आणि तो वाईट नव्हता. चंपाआत्या यायची तेव्हा तिला मांडीवर घेऊन सगळ्यांना सांगायची, "ही हन्मासाठी मागून घेतलेली. बिरोबाला साकडं घातलं व्हतं भावजयीनं, आमच्या मागं ह्याला कोन हाय, एक धडधाकट दे. दिली देवानं." बाया कौतुकानं बघायच्या. योगिनीलाही ते ऐकायला आवडायचं. वस्तीवरच्या दुसऱ्या पोरी उगीच झालेल्या होत्या. ती मागून घेतलेली होती. शाळेत बाईंनी निबंध सांगितला, मी कोण होणार, तेव्हा तिनं लिहिलं होतं, मी हनुमानची बहीण होणार, आणि बाई हसल्या होत्या, की ती तर तू आहेसच. ती नुसती आहे असं नव्हतं, हे त्यांना कसं सांगायचं ते तिला तेव्हा कळलं नव्हतं.

रामप्रसाद बघायला आला तेव्हा वडील, पुंजाराम, जिवंत होते. पोहे झाल्यावर त्यांनी घसा साफ करून सांगायला सुरुवात केली, की एक अट हाय पाव्हणं, आमच्या माघारी... तेवढ्यात रामप्रसादच म्हणाला, "मामा, ते येणारच ना आमच्यासोबत. त्यात सांगायचं काय?" तो करमाडकडचा, शेंद्र्याच्या एका कंपनीत शिफ्टला जाणारा. पुंजाराम गेले, मेंढरं विकली, बानाबाईचे गुडघे गेले, तेव्हा कुणी न सांगता तोच टेम्पो घेऊन दोघांना आपल्या घरी न्यायला आला. दर रविवारी तो हनुमानची दाढी करायचा. "हन्मंतराव, गाल फुगवा," म्हणायचा, आणि हनुमान फुगवायचा. दुसऱ्या कुणासाठी फुगवायचा नाही. अशा माणसाला नाही कसं म्हणायचं? तो काही मागतही नव्हता. लग्नानंतर पहिली काही वर्षं आईची आजारपणं, घर बदलणं, यात गेली, आणि मग एकदा जेवताना तो सहज म्हणाला, "आता आपल्याला एखादं हवं, नाही?" ती म्हणाली, "बघू." त्या बघूला आता बराच काळ लोटला होता.

बसमधल्या त्या बाईनंतर एका संध्याकाळी तिनं त्याला विचारलं. तो फर्स्ट शिफ्ट करून आला होता, गच्चीवर पाण्याच्या टाकीचं झाकण बसवत होता. "तुम्हाला मूल कशाला पाहिजे?" तो हसला. "कशाला म्हणजे?" "खरंच सांगा. काहीतरी कारण असेल ना." त्यानं झाकण ठेवलं, हात पँटीला पुसले.  "कारण काय असतं गं," तो म्हणाला, "मी कामावरून येतो, गाडी लावतो. गाडीचा आवाज ऐकून कुणीतरी पळत यावं. बास." मग स्वतःच लाजला. "आणि आपल्याला सगळं येतंच की. भरवणं, धुणं, रात्रीचं उठणं. लोकांना पोर झाल्यावर शिकावं लागतं. आपण शिकून बसलोय." तो हे आनंदानं बोलत होता. योगिनीला गच्चीचा कठडा गार लागला. ती म्हणाली, "आणि दादासारखं झालं तर?" "झालं तर झालं," रामप्रसाद म्हणाला. "दोघांची दाढी करीन." तो खोटं बोलत नव्हता, तेच अवघड होतं. कारण तिला भीती वाटत होती ती दादासारखं मूल होण्याची नव्हतीच. लोकांना वाटायचं ती तशा मुलालाच घाबरते, डॉक्टरांनाही तसंच वाटलं होतं, आणि त्यांनी नीट समजावून सांगितलं होतं की भावाचं झालं ते जन्माच्या वेळचं, रक्तातलं नाही. पण मग भीती कसली, हे तिला स्वतःलाही धड सापडत नव्हतं. सुई घालावी आणि शीर बाजूला सरकावी, तसं होत होतं.

रविवारी दुपारी बानाबाई हनुमानच्या हाताला तेल चोळत बसली होती. एकेक बोट सरळ करायचं, सोडलं की ते पुन्हा आत वळायचं, मग दुसरं. योगिनी तिच्यासमोर मेथी निवडत बसली. हे विचारायचं असं तिनं ठरवलं नव्हतं. "आई, मी दादासाठीच झाले ना?"

"कोन म्हनलं?"

"चंपाआत्या म्हणायची. तू पण म्हणायचीस."

"व्हय मंग. म्हनायचे." बानाबाईनं तेलाची वाटी बाजूला ठेवली. "तुला राग आला का काय त्याचा?"

"राग नाही गं. नुसतं विचारते."

 हनुमानचा हात तिच्या मांडीवर पडला होता, तेलानं चमकत होता. मग तिनं आवाज खाली आणला, जणू हनुमानला समजेल. "मागितलं तर त्याच्यासाठीच मागितलं. खोटं कशाला बोलू? रातध्याड एकच इचार, आमच्या मागं ह्याला पानी कोन पाजंल. पन तू झालीस आनि..." तिनं हनुमानचं एक वळलेलं बोट पुन्हा सरळ केलं. "तू झालीस आनि लगेच रडलीस. असं रडलीस की सुईन हसाया लागली. आनि पाजाया घेतलं तर वढ अशी, की माझ्या डोळ्यातनं पानी. हन्माला तर कापसानं पाजलं व्हतं म्या. तू माझ्याकडं बघायचीस. नीट डोळ्यात बघायचीस. म्या नुसती तुझ्या तोंडाकडं बघत बसायचे, दिसभर. त्यो तकडं कोपऱ्यात भिजून पडलेला असायचा, रडायचा, आनि मला ऐकूच यायचं नाय. तुझा बाप वरडला एक डाव, आगं, त्यो बी तुझाच हाय. तवा कुठं भानावर आले. किती दिस तसे गेले बिरोबाला ठावं." तिनं पदरानं हात पुसले. ती हसत होती. "मंग, सांग आता, त्याच्यासाठी झालीस का? तू तुझी झालीस. मला लई सुख दिलंस बाई तू. कुनाला सांगितलं नाय म्या हे."

ती हे देत होती. साठी ओलांडलेली आपली आई इतकी वर्षं आत जपलेली गोष्ट बाहेर काढून हातावर ठेवतेय, की तू कुणाच्या कामासाठी झाली नाहीस, हे योगिनीला समजलं. तिनं आईच्या गुडघ्यावर हात ठेवला. पण तिच्या डोळ्यासमोर कोपरा होता. मातीचा, ओलसर, आणि त्यात सहा वर्षांचा हनुमान, आपणहून उठता न येणारा, रडणारा, आणि त्याचं रडणं ऐकू न येणारी आई. आईला ऐकू आलं नाही. जी त्याला पाठीवर बांधून ऊनपावसात हिंडली, तिला ऐकू आलं नाही. मेथीची एक काडी योगिनी किती वेळ नखानं सोलत होती. शीर सापडली होती. भीती आजारी मुलाची नव्हती. भीती निरोगी मुलाची होती. जे झाल्या झाल्या रडेल, डोळ्यात बघेल, पळत दाराशी येईल, त्याची. हनुमाननं गळ्यातून त्याचा तो आवाज काढला, भूक लागल्याचा, आणि दोघी एकदमच उठायला लागल्या.

रामप्रसादची बहीण रूपा, तिच्या मुलाचं जावळ होतं. मामाच्या मांडीवर काढायचं, म्हणून जाणं भाग होतं. करमाडहून आत वळून तिचं गाव. हनुमानला गाडीवर नेता येत नव्हतं, तो आणि बानाबाई घरी राहिले. निघताना योगिनीनं फिटची दुपारची गोळी बशीत काढून ठेवली, आईला दाखवली, आणि म्हणाली, मी फोन करीन, तेव्हा दे, तू विसरतेस. बानाबाई म्हणाली, "कर, कर."

देवळापुढं मांडव होता, चुलवणावर मटण शिजत होतं, पोरं धुळीत पळत होती. रामप्रसाद नवा शर्ट घालून, फेटा बांधून बसला आणि त्याच्या मांडीवर ते बाळ. वस्तरा लागल्यावर त्यानं असं भोकाड पसरलं की सगळे हसले, आणि रामप्रसाद इतका कावराबावरा झाला की त्याच्याच डोळ्यात पाणी आलं. मग केस काढलेलं, हळद लावलेलं ते डोकं घेऊन बाळ या हातातून त्या हातात फिरलं आणि योगिनीच्या हातात आलं. तिला वाटलं होतं ते रडेल. ते रडलं नाही. त्यानं तिच्या मंगळसूत्राची वाटी मुठीत धरली आणि तिच्या डोळ्यात पाहिलं. तिनं मान डावीकडं केली, तर त्याचे डोळे डावीकडं आले. उजवीकडं केली, तर उजवीकडं. ती हसली, तेही हसलं; वरचे दोन दात दिसले. हनुमानकडं ती आयुष्यभर बघत आली होती, आणि त्याची नजर नेहमी तिच्या कानामागं कुठंतरी असायची, वाऱ्याकडं, उजेडाकडं. कुणी आपल्याला बघतंय, शोधतंय, यानं अंगाला असं काही होतं हे तिला माहीत नव्हतं. रूपा म्हणाली, "वहिनी, द्या आता, जेवून घ्या." ती म्हणाली, "असू दे गं, झोपतंय." ते खरंच तिच्या खांद्यावर झोपलं. हळदीचा, दुधाचा, कोवळ्या घामाचा वास. पंगती उठल्या, दुसऱ्या बसल्या. मांडवाची सावली सरकत सरकत तिच्या पायावर आली, पायावरून गेली. पलीकडून रामप्रसाद तिच्याकडं बघत होता आणि मुद्दाम जवळ येत नव्हता.

बाळ उठून आईकडं गेलं आणि योगिनीला उतरत्या उन्हाकडं बघून एकदम आठवलं. फोन पिशवीत होता. नंबर लागेना. मग लागला. "आई, गोळी?" पलीकडून बानाबाईचा आवाज थकलेला आला. "अगं, म्या तुझ्या फोनची वाट बघत बसले. मंग डोळाच लागला बघ. त्याला आली. मोठी आली. खाटेवरनं पडला, कपाळ फुटलं जरा. शेजारची आली, चुना का काय लावला... आता निजलाय. तू घाबरू नगं. जेवली का?"

रामप्रसादनं काही न विचारता गाडी काढली. जालना रस्त्याला लागल्यावर तिनं त्याच्या खांद्यावर थाप मारली, थांबा. एक चहाची टपरी होती, बंद. त्यानं गाडी कडेला घेतली. ट्रकमागून ट्रक जात होते, प्रत्येकाबरोबर धूळ उठून त्यांच्या कपड्यांवर बसत होती.

"आपण मूल नको होऊ द्यायला," ती म्हणाली.

त्यानं हेल्मेट काढलं. फेट्याची खूण कपाळावर उमटली होती. "एक गोळी राहिली, योगिनी. कुणाचीही राहते. माझ्याकडूनही राहिलीय."

"राहिली असं नाही झालं. मला तो आहे हेच आठवलं नाही. अख्खी दुपार. आणि मी सुखात होते." तिचा आवाज रडका नव्हता, तिला तो तसा व्हायला हवा होता. "दुसऱ्याचं पोर, तासा-दोन तासांसाठी हातात आलेलं. आपलं झाल्यावर काय होईल? मला तो ऐकू यायचा नाही, अहो. मी त्याच्यासाठी मागून घेतलेली आहे म्हणून नाही म्हणत. तसं आता कुणी म्हणतही नाही. पण मला ऐकू आलं नाही तर त्याच्याकडं दुसरं कोण आहे?"

"मी आहे ना."

"तुम्हाला येईल ऐकू?" तिनं विचारलं. "ते पळत आल्यावर?"

 रामप्रसाद खोटं बोलणारा माणूस नव्हता. त्यानं हेल्मेट एका हातातून दुसऱ्या हातात घेतलं, काचेवरची धूळ अंगठ्यानं पुसली, पुन्हा पुसली. शर्टाच्या खांद्यावर बाळाच्या डोक्याची हळद लागली होती, ती त्याला दिसली नव्हती. एक एसटी हॉर्न वाजवत गेली. तिला वाटलं तो चिडेल, आणि चिडला असता तर तिला सोपं गेलं असतं.

"मी नाव काढून ठेवलं होतं," तो म्हणाला.

"कधी?"

"लई दिवस झाले."

"कोणतं?"

त्यानं मान हलवली. "राहू दे आता. सांगितलं की ते असल्यासारखं होईल." त्यानं हेल्मेट घातलं. पट्ट्याचं बक्कल त्याच्याकडून लागेना; तिनं पुढं होऊन ते लावून दिलं. मग तो गाडीवर बसला, ती मागं बसली. चिकलठाणं मागं गेलं. वारा गार लागत होता. ती त्याच्या पाठीला टेकून मनात एकेक नाव आणत होती आणि हे नसेल, हेही नसेल, म्हणून सोडून देत होती. नाव मुलाचं होतं की मुलीचं, एवढंही तिनं विचारलं नव्हतं.